मेंदूचा आजार आणि गल्लीची जबाबदारी

कोल्हापूरच्या एका उपनगरात मानसिक आजारातून सावरणाऱ्या लोकांसाठी दिवसभराचं केंद्र काढायचं ठरलं आणि कॉलनीत दोन तट पडले. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, पंधरा-वीस माणसं, थोडं काम, जेवण, गप्पा, एवढंच त्याचं स्वरूप. तरी सभा झाली, सह्यांची मोहीम झाली आणि तेच भांडण पुढं मोबाईलवर चालू राहिलं. केंद्राच्या बाजूचे म्हणत होते, ‘स्किझोफ्रेनिया हा मेंदूचा आजार आहे, शुगर-बीपीसारखाच. त्यात कुणाचा दोष नाही, मग विरोध कशाला?’ विरोधातले म्हणत होते, ‘मेंदूचाच आजार ना? मग तो बरा कसा होणार? आणि बरा होणार नसेल तर आमच्या पोराबाळांच्या दारात कशाला?’ दोघांच्याही हातात विधान एकच होतं, आणि ते उच्चारलं की विषय मिटला असं दोघांनाही वाटत होतं. मी बरीच वर्षं शुभंकरांच्या बैठकांना जाते. आजार झेलणाऱ्याला आम्ही शुभार्थी म्हणतो आणि त्याला सांभाळणाऱ्या घरच्या माणसाला शुभंकर. तिथंही हे विधान हमखास कानावर येतं, आणि त्याचा इतका चुकीचा वापर होताना पाहून गप्प बसवत नाही.

माझं मत आधीच मांडते. मानसिक आजारात माणसाला चारचौघांत वावरणं जड जातं, त्याला मेंदूत आधार आहे, आणि तो नाकारणारा आजारी माणसाचं नुकसानच करतो. पण वावरणं ही गोष्ट एकाच्या डोक्यात घडत नाही. तिला किमान दोन माणसं लागतात. म्हणून ती अडते तेव्हा उपायाचा मोठा वाटा त्या दुसऱ्या माणसाकडे, ज्याला आजार नाही त्याच्याकडे येतो. ‘मेंदूचा आजार आहे’ या वाक्यानं आज नेमकी हीच जबाबदारी झटकली जाते. विरोध करणारे ती उघडपणे झटकतात. बाजू घेणारे नकळत झटकतात, कारण आजार मेंदूत आणि औषध मेंदूवर म्हटलं की आपल्याकडं सहानुभूतीपलीकडं काही उरतच नाही.

मेंदूची बाजू मांडणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. या एका विधानानं असंख्य आयांना आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढलं. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझम जगापुढं आणला. काही वर्षांतच या मुलांच्या आईबापांच्या थंडपणाकडं बोट दाखवलं जाऊ लागलं आणि १९६०च्या दशकात ब्रुनो बेटेलहाइम यांच्यासारख्या नामवंतांनी मायेच्या अभावालाच कारण ठरवून टाकलं. स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी १९४८ मध्ये ‘आजार निर्माण करणारी आई’ ही कल्पना मांडली होती. पुढं जुळ्यांचे अभ्यास झाले, १९७७ मध्ये फोलस्टाइन आणि रटर यांनी ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा किती मोठा आहे ते दाखवलं, तेव्हा कुठं हा आरोप विरू लागला. आपल्याकडं आईच्या जोडीला भूतही होतं. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत साखळ्यांनी बांधलेली २८ आजारी माणसं आगीत सापडून मेली. बांधलेली होती म्हणून त्यांना पळता आलं नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारहाण करणं हा महाराष्ट्रात स्वतंत्र गुन्हा ठरायला २०१३ उजाडलं, आणि त्याआधी नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. आमच्या बैठकीत एक आई म्हणाली होती, ‘डॉक्टरांनी मेंदूचं नाव घेतलं, तवा पहिल्यांदा सासूपुढं मान वर करून बोलले मी.’ ही ताकद मला कमी लेखायची नाही. मेंदूचा आधार नाकारणाऱ्या, सगळं संस्कारांवर आणि मोबाईलवर ढकलणाऱ्या मंडळींशी मी वाद घालतच आले आहे.

आता मेंदूत नक्की काय होतं ते बघू, कारण वादात भाग घेणाऱ्यांनी ते क्वचितच पाहिलेलं असतं. आपला माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला की कोल्हापुरात त्याला विचारतात, ‘काय रं, मेला हुतास व्हय इतकं दीस?’ या वाक्यातले शब्द अपमानाचे आहेत आणि अर्थ मायेचा. ऐकणाऱ्याला एकाच वेळी शब्द, आवाजाची पट्टी, डोळ्यांतलं हसू आणि बोलणाऱ्याच्या मनातला हेतू जुळवून घ्यावा लागतो. चेहऱ्यावरची भावना ओळखायला अमिग्डाला हा मेंदूच्या आतला छोटासा भाग लागतो, दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल ते ताडायला कपाळामागचा मधला भाग आणि कानाच्या वर-मागच्या बाजूला, टेम्पोरल आणि परायटल खंडांच्या सांध्यावरचा भाग लागतो. स्किझोफ्रेनियात यांपैकी अनेक ठिकाणी फरक दिसतात, आणि टोमणा, उपरोध, आवाजातली माया ओळखण्याच्या चाचण्यांत ही माणसं मागं पडतात. ‘मेला हुतास व्हय’ हे त्यांना जसंच्या तसं ऐकू येतं. औषधांनी भास आणि संशय पुष्कळ आटोक्यात येतात, पण ही गल्लत औषधांनी फारशी सुटत नाही. नोकरी टिकेल का, मैत्री होईल का, हे मात्र बऱ्याच अंशी हिच्यावर ठरतं. म्हणजे ज्याला आपण बरा झाला म्हणतो, तो बाहेर पडतो तेव्हा त्याची खरी परीक्षा सुरू होते.

त्यात वेळेचा भाग आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. जगातल्या दहा भाषांमधल्या संभाषणांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो असं त्यात दिसलं. एवढ्याशा फटीत आपण समोरच्याचा अर्थ लावतो, आपलं वाक्य जुळवतो आणि आपली पाळी घेतो. ज्याला त्यासाठी एक सेकंद लागतो, त्याची पाळी प्रत्येक वेळी हुकते. आमच्याकडं येणारा एक शुभार्थी चपलांच्या एका छोट्या कारखान्यात वेणी विणायला बसतो. खाली मान घालून, कातडी पट्ट्या एकावर एक घेत, न चुकता. बाजूला बसून काम करायचं असतं, समोरासमोर बघायचं नसतं, त्यामुळं त्याचं तिथं जमतं. अडायचं ते चहाच्या वेळी. पोरगा किटली घेऊन यायचा, ‘चहा?’ विचारायचा आणि उत्तर यायच्या आत पुढच्याकडं वळायचा. चहा न मिळालेला हा माणूस मग दुपारभर मनात धरून बसायचा की मला मुद्दाम टाळलं. आणि बाकीचे म्हणायचे, ‘याला विचारलं तरी हा बोलत नाही, माजलाय.’ कारखान्याच्या मालकांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी पोराला एवढंच सांगितलं, ‘इचारायचं आन् जरा उभं ऱ्हायाचं. बोलतंय की ते.’ किटलीवाला आता थांबतो. उत्तर येतं. या प्रसंगात मेंदूतला दोष खरा होता, आणि तो आजही तसाच आहे. पण अडचण निम्म्यावर आली, आणि ती आली दुसऱ्या माणसानं सेकंदभर थांबल्यामुळं.

कुणी म्हणेल की ही एका कारखान्यातली गोष्ट झाली, तिच्यावर सिद्धांत उभा राहत नाही. मग मेंदूविज्ञानातलंच एक गाजलेलं उदाहरण घ्या. एस.एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका अमेरिकन स्त्रीच्या मेंदूतली दोन्ही बाजूंची अमिग्डाला एका दुर्मीळ आजारानं निकामी झाली होती. १९९४ मध्ये राल्फ ॲडॉल्फ्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की समोरच्या चेहऱ्यावरची भीती तिला ओळखताच येत नाही. मेंदूतला एक भाग गेला आणि त्यासोबत एक सामाजिक क्षमता गेली, याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा? पण २००५ मध्ये त्याच संशोधकांनी तिची नजर कुठं जाते ते मोजलं. ती चेहऱ्यावरच्या डोळ्यांकडं बघतच नव्हती, आणि भीती तर डोळ्यांतच दिसते. तिला सांगितलं, ‘डोळ्यांकडं बघ.’ आणि ती इतरांइतकीच बरोबर भीती ओळखू लागली. मेंदू दुरुस्त झाला नव्हता. सांगणं थांबलं की नजर पुन्हा पहिल्यासारखी फिरायची. आता हा दोष मेंदूत होता की नाही? होता. त्याच्यावरचा उपाय मेंदूत होता का? तो शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडात होता, आणि तिथंच सतत असणं गरजेचं होतं. मेंदूत आधार सापडला म्हणजे उपायही तिथंच शोधायचा, हा तर्क इथं कोसळतो.

शिवाय बाण एकाच दिशेनं जात नाही. युरोपातल्या एका मोठ्या प्रकल्पात स्किझोफ्रेनिया आणि अल्झायमर अशा दोन टोकांच्या आजारांतली माणसं एकत्र घेऊन तपासली गेली. निदान कोणतंही असो, माणसांत वावरणं जितकं जास्त बिघडलेलं, तितकी मेंदूतल्या ‘डिफॉल्ट मोड’ म्हणवल्या जाणाऱ्या, माणूस बाहेरच्या कामात गुंतलेला नसताना एकत्र जागं असणाऱ्या जाळ्याची आपसातली जोडणी कमी, असं त्यात आढळलं. हे वाचून लगेच म्हणता येतं की जोडणी ढिली म्हणून माणूस एकटा पडला. पण वर्षानुवर्षं एकटा पडल्यामुळं जोडणी ढिली झाली असेल तर? नुसत्या एका छायाचित्रावरून हे ठरत नाही. काय घडू शकतं ते मात्र दुसरीकडून कळतं. बुखारेस्टमध्ये २०००च्या सुमारास अनाथालयांतल्या १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून, पालक-कुटुंबांत ठेवण्यात आलं. वयाची दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत घर मिळालेल्या मुलांची माया लावण्याची क्षमता आणि मेंदूच्या विद्युतलहरी, दोन्ही अनाथालयात राहिलेल्यांपेक्षा पुढं चांगल्या दिसल्या. वय वाढलेल्या आजारी माणसाला हे जसंच्या तसं लावता येणार नाही, हे मला कळतं. पण माणसांच्या सहवासानं मेंदू घडतो आणि त्याच्या अभावानं बिघडतो, एवढं तर त्यातून पक्कं झालं. मग ज्याला आपण वीस वर्षं मागच्या खोलीत ठेवलं, त्याचा मेंदू तपासून ‘बघा, आधीपासूनच असा आहे’ म्हणणं कितपत प्रामाणिक आहे?

आणि दुसऱ्या बाजूच्या मेंदूचं काय? २०१७ मध्ये नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती इतरांना दाखवल्या. निदान कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तरी ऑटिझम असलेल्यांशी बोलायची, त्यांच्या शेजारी राहायची तयारी बघणाऱ्यांनी कमी दाखवली. त्याच लोकांचं बोलणं फक्त लिहून वाचायला दिलं, तेव्हा हा फरक नाहीसा झाला. बोलण्यात काही कमी नव्हतं. कमी पडला तो बघणाऱ्याचा झटपट निवाडा. मग ‘सामाजिक अडचण’ म्हणून जी नोंद होते, ती एकट्या शुभार्थीच्याच फाईलमध्ये का?

बाजू घेणाऱ्यांचा एक गोड समज असा की लोकांना मेंदूचं कारण समजलं की कलंक आपोआप पुसला जाईल. हे तपासून झालेलं आहे. अमेरिकेत बर्नीस पेस्कोसोलिडो यांच्या गटानं १९९६ आणि २००६ मधल्या जनमताची तुलना केली. दहा वर्षांत स्किझोफ्रेनिया आणि नैराश्य यांचं कारण मेंदूत आहे असं मानणारे लोक वाढले, उपचारांना पाठिंबाही वाढला. पण शेजारी राहायची, सोबत काम करायची, सोयरीक करायची तयारी वाढली नाही. नंतरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावाही हेच सांगतो: जैविक कारण सांगितलं की दोष देणं कमी होतं, पण हा कधी सुधारणार नाही अशी निराशा वाढते. आमच्या कॉलनीतल्या विरोधकांनी नेमकं हेच तर केलं. ते अडाणी नव्हते. बाजू मांडणाऱ्यांनी दिलेलं विधान घेऊन ते त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले, एवढंच.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी कुष्ठरोगाकडं बघावं. हॅन्सन यांनी त्याचा जंतू १८७३ मध्ये शोधला. पूर्वजन्मीचं पाप, रक्तातला दोष, सगळं त्या दिवशी संपायला हवं होतं. १९८०च्या दशकात आजार पूर्ण बरा करणारा बहुऔषधोपचार आला. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत टिकून राहिलं. अपस्माराचं तेच. फिट येणं हा मेंदूतल्या विजेचा प्रकार आहे हे कुणाही डॉक्टरला माहीत होतं, तरी हिंदू विवाह कायद्यात लग्नाला अपात्र ठरवणाऱ्या यादीत तो वेडाच्या शेजारी १९९९ पर्यंत बसला होता. मानसिक विकार तर घटस्फोटाचं कारण म्हणून आजही आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये स्पष्ट केलं की स्किझोफ्रेनिया हे निदान पुरेसं नाही, तो किती तीव्र आहे आणि सोबत राहणं खरोखर अशक्य आहे का हे बघावं लागेल. मला हा निवाडा अनेक मेंदू-चित्रांपेक्षा मोलाचा वाटतो. न्यायालयानं निदानाच्या नावाऐवजी दोन माणसांमध्ये प्रत्यक्ष काय घडतंय ते विचारलं.

कोल्हापूरकरांना तर हा फरक दुसऱ्यांनी शिकवायची गरज नव्हती. विसाव्या शतकाच्या तोंडावर हर्बर्ट रिस्ले हा इंग्रज अधिकारी, १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त, नाकांची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड शास्त्रीय असल्याचं दाखवू पाहत होता. त्याच काळात, १९०२ मध्ये, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, आणि पुढं अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः जाऊन, सोबतच्या मंडळींना घेऊन चहा प्यायले. मला इथं सावध राहायला हवं. रिस्लेचा दावा खोटा होता आणि स्किझोफ्रेनियातला मेंदूचा फरक खरा आहे. ही दोन प्रकरणं एका मापानं तोलता येत नाहीत. समान आहे ते इतकंच की माणूस पंगतीबाहेर राहतो तेव्हा त्याच्या शरीराचं मोजमाप, खरं असो की खोटं, त्याला पंगतीत आणू शकत नाही. ते काम कुणीतरी शेजारी जाऊन बसल्यानंच होतं. महाराजांनी ते राजवाड्याच्या अधिकारानं केलं. आपल्याला तेवढ्या अधिकाराचीही गरज नाही.

आता माझ्याच बाजूच्या मोहाविषयी. सगळी अडचण समाजातच आहे, आजार हा समाजानं मारलेला शिक्का आहे, असं १९६०च्या दशकात टॉमस झाझ यांच्यासारखे लोक म्हणत होते, आणि आजही काही तरुण कार्यकर्ते तसं बोलतात. हे मला अजिबात मान्य नाही. ज्या बापानं मुलाला रात्रभर भिंतीशी बोलताना ऐकलंय, त्याला ‘हा फक्त वेगळा आहे’ म्हणून सांगणं क्रूरपणाचं आहे. त्याचे परिणामही इतिहासात दिसतात. अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ मध्ये साडेपाच लाखांवर माणसं होती. पुढं ती रिकामी केली गेली, पण गावोगावी जी सेवा उभी राहायची होती ती पुरेशी उभी राहिलीच नाही, आणि त्यांतली कितीतरी माणसं रस्त्यावर आणि तुरुंगात पोचली. इटलीनं १९७८ मध्ये कायदा करून मनोरुग्णालयं बंद करायला घेतली. त्रिएस्तेसारख्या ठिकाणी, जिथं आधी मोहल्ल्यांत केंद्रं उभी केली, तिथं ते निभावलं. जिथं केली नाहीत तिथं सगळा भार घरातल्या बायकांवर पडला. समाजाची जबाबदारी म्हणायचं आणि ती एका आईच्या गळ्यात टाकायची, हे मीही होऊ देणार नाही.

याला जोडूनच एक आक्षेप येतो आणि तो शुभंकरच घेतात. ‘वातावरण महत्त्वाचं म्हणजे फिरून आमच्यावरच आलं की!’ त्यांची धास्ती रास्त आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी १९५०च्या दशकात पाहिलं की रुग्णालयातून आईवडिलांकडं किंवा बायकोकडं परतलेले लोक, भावंडांकडं किंवा भाड्याच्या खोलीत गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडतात. पुढच्या कामातून दिसलं की घरातली सततची टीका, चिडचिड आणि जिवाच्या आकांतानं केलेली अतिकाळजी, यांमुळं आजार उलटण्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास जातं. हे वाचून ‘बघा, घरच्यांनीच केलं’ म्हणणारा ब्राउनना समजलेलाच नाही. आजार घरानं निर्माण केला असं ते म्हणत नाहीत. दमलेल्या घरात तो उलटतो, एवढंच ते सांगतात. आणि घर दमतं कशामुळं? दिवसाचे चोवीस तास एकाच माणसानं सांभाळल्यामुळं. दहा ते पाच ते माणूस दुसरीकडं गेलं, आईला दुपारी झोप मिळाली, तर संध्याकाळचा तिचा आवाज वेगळा असतो. ज्या केंद्रावरून भांडण चाललंय त्याचं औषधी मूल्य इथं आहे, आणि बाजू घेणाऱ्यांपैकी एकानंही ते सांगितलं नाही.

विज्ञानावर विश्वास ठेवा, उद्या मेंदूवर थेट काम करणारं औषध येईल, असं शिकलेले लोक सांगतात. यावं, मी वाट बघते आहे. पण किती वर्षं? थॉमस इन्सेल २००२ ते २०१५ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे प्रमुख होते. त्यांनी मेंदू आणि जनुकांच्या संशोधनाला प्राधान्य दिलं, आणि पायउतार झाल्यावर त्यांनीच जाहीर कबुली दिली की सुमारे वीस अब्ज डॉलर खर्चून उत्तम शोधनिबंध निघाले, पण आत्महत्या कमी होण्यात किंवा लोकांच्या सावरण्यात फरक पडला असं म्हणता येत नाही. मेंदूची रंगीत चित्रं तर आणखी जपून वाचावी लागतात. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांच्या प्रसंगांची चित्रं दाखवली आणि त्यांतल्या माणसाची भावना विचारली. आकडेमोडीतली एक आवश्यक दुरुस्ती गाळली तर माशाच्या मेंदूतही ठिपके उजळले. याचा अर्थ ही तपासणी निरर्थक आहे असा नाही. शास्त्रज्ञांनी स्वतःच्या पद्धतीवर घातलेला हा चाप होता. पण एका माणसाचं स्कॅन बघून तो माणसांत मिसळेल की नाही हे आजचं कोणतंही यंत्र सांगू शकत नाही. असं चित्र दाखवून कुणी लग्न, नोकरी किंवा भाड्याची खोली नाकारत असेल तर तो विज्ञानाचा आधार घेत नाही, त्याचं नाव वापरतो.

मुलांच्या सुरक्षिततेची भीती खोटी म्हणून उडवून लावू नये. आईबापांना ती वाटणारच. पण या आजाराची बहुसंख्य माणसं कुणावर हात उगारत नाहीत, उलट मार आणि फसवणूक त्यांच्याच वाट्याला अधिक येते. आणि जी थोडी जोखीम असते ती उपचार सुटलेल्या, दारूच्या आहारी गेलेल्या अवस्थेत वाढते. रोज दहा वाजता हजेरी लागणारी जागा ती कमी करते.

शेवटचा आक्षेप पैशांचा आणि माणसांचा. एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? आपल्याला सर्वांत जवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीला, घाटाखाली. पण हे काम तज्ज्ञांनीच करावं असं कुठं आहे? तमिळनाडू, गोवा आणि आपल्या शेजारच्या साताऱ्यात स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ लोकांवर एक चाचणी झाली, २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली. प्रशिक्षण दिलेले साधे स्थानिक कार्यकर्ते घरी जायचे, औषधांची चौकशी करायचे, माणसाला पुन्हा कामाला आणि लोकांत जायला मदत करायचे. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा वर्षभरात लक्षणं आणि अपंगत्व दोन्ही कमी झाली. फरक माफक होता आणि त्यातला बराचसा तमिळनाडूत दिसला, हे लपवायचं कारण नाही. पण डॉक्टर नसलेल्या माणसांनी, दारात जाऊन, हा फरक पाडला.

कायद्याचीही आडकाठी नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा प्रत्येक आजारी माणसाला समाजात राहण्याचा हक्क देतो, आणि घरच्यांनी नाकारलं किंवा गावात सोय नाही एवढ्या कारणानं त्याला रुग्णालयात ठेवता येणार नाही असं सांगतो. अशी आधाराची घरं पुरवणं हे सरकारचं कर्तव्य त्यात लिहिलेलं आहे. तेव्हा केंद्र चालवू द्यायचं की नाही याची परवानगी कॉलनीकडं मागणंच मुळात चुकीचं होतं. कॉलनीकडं मागायला हवी होती ती मदत.

आणि कशाची मदत, हे ठरवायचं मापही आपल्याकडं तयार आहे. मानसिक आजाराचं अपंगत्व प्रमाणपत्र देताना सरकारी मोजपट्टी चार गोष्टी बघते: स्वतःची काळजी, इतरांशी संबंध, बोलणं आणि समजणं, आणि काम. आजाराचा काळ त्यात धरला जातो. मेंदूचं चित्र तिथं कुणी मागत नाही. ही मोजणी माणसाला किती टक्के अपंगत्व आहे ते सांगते आणि फाईल बंद होते. माझी मागणी अशी की केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाची हीच मोजणी दर वर्षी पुन्हा व्हावी आणि प्रभागवार मांडली जावी. वर्षभरात कुणाला कुणी कामावर घेतलं, घराबाहेरच्या किती जणांशी त्याचं बोलणं झालं, तालमीत, वाचनालयात, भजनात त्याला जागा मिळाली का, हे त्यात यावं. जिथं आकडा हलला नाही तिथं डॉक्टरांना गोळ्यांबद्दल विचारावंच, पण त्याच बैठकीला नगरसेवक, तालीम मंडळाचे पदाधिकारी आणि प्रभागातले कारखानदारही बोलवावेत, आणि त्यांनी काय केलं ते त्यांनाही विचारावं.